तीन ओळींची दुरुस्ती

आत्याची दृष्टी गेली, पण भाषांतराचं काम सुटलं नव्हतं. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक फुकट प्रोग्रॅम होता, त्याच्या जोरावर ती छपाईआधीची पानं कानांनी तपासायची. हल्ली मात्र तो प्रत्येक पानाची शेवटची ओळ गिळू लागला होता.

"प्रोग्रॅमच्या उद्याच्या नव्या आवृत्तीतही हेच असेल, तर काम सोडते म्हणून कळवणार," ती भाचीला म्हणाली. "अर्धवट ऐकून सही ठोकणं मला जमायचं नाही."

भाची प्रोग्रॅमर. चूक तिनेच हुडकून सुधारली होती आणि तिच्या लॅपटॉपवर सगळं ठणठणीत वाचलं जात होतं. पण प्रकाशकाने आत्याला दिलेल्या संगणकावर अधिकृत आवृत्तीशिवाय काही चालत नसे. म्हणून प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांकडे तिने आपली दुरुस्ती पाठवली. त्यांच्यातला मुख्य इंटरनेटवर 'घुबड' या नावाने वावरायचा. त्याचं उत्तर आलं.

"सहाशे ओळी बदलल्यात. यात दुरुस्ती कुठली आणि रंगरंगोटी कुठली, हे मी शोधत बसू? नामंजूर."

"सहाशे? अगं, मी तीनच ओळींना हात लावला!"

मग तिची ट्यूब पेटली. ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे तिचा कोड लिहायचा एडिटर फाइल सेव्ह करताना सगळ्या ओळी आपल्या पद्धतीने मांडून ठेवायचा. घुबडाची फाइलही त्याने तशीच मांडून टाकली होती.

"नळ दुरुस्त करायला बोलावलेला माणूस घरभर फर्निचर हलवून गेला म्हण की!" आत्या खदखदून हसली. "मीही हाकलला असता."

"तू कुणाच्या बाजूची गं?"

"आवृत्ती ज्याच्या हातात, त्याच्या."

भाचीने एडिटरची ती खोड बंद केली आणि घुबडाची मूळ फाइल घेऊन पुन्हा बसली. तीनच ओळी. सोबत एक छोटी चाचणी, जुन्या कोडवर नापास होणारी आणि नव्यावर पास. खाली दोन वाक्यं: काय बिघडलं होतं, का बदललं. रागाचा शब्दही नाही.

चहा निवायच्या आत उत्तर आलं. "आता दिसलं. चाचणी जोडलीत, बरं केलंत. दुरुस्ती घेतली."

दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती आली. आत्याने पान लावलं. भाची मागे उभी. पान संपत आलं आणि शेवटची ओळ खणखणीत ऐकू आली.

"शी! काय भयंकर वाक्य लिहिलंय मी," आत्या म्हणाली आणि लगेच दुरुस्तीला लागली.

भाचीचा जीव भांड्यात पडला.