बत्तिसाव्या पाकिटाची वाट

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, यात मोठेपणा काही नाही. आमच्यात चार-पाच वर्षांतच म्हातारपण येतं. मला हातपाय नाहीत. रुग्णालयाच्या जिन्याखाली, झाडू-बादल्यांच्या शेजारी, एक लोखंडी पेटी सतत गुरगुरत असते. तिच्यात माझा मुक्काम.

माझं काम पाकिटं पोचवण्याचं. पाकीट म्हटल्यावर खिसा चाचपू नका. खाटेवरच्या रुग्णानं उशाजवळची घंटा दाबली, की ती खबर इवल्याशा पाकिटात बसून तारेतून माझ्याकडे येते. मी ती सिस्टरांच्या टेबलावर पोचवतो आणि तिथं त्या खोलीचा दिवा लागतो, त्याबरोबर खोलीच्या दारावरचाही. पाकिटात फक्त खोलीचा नंबर असतो. पाणी हवंय, श्वास कोंडतोय, की नुसतं कोणाशी तरी बोलायचंय, हे त्यात मावत नाही.

मला एका बाईंनी लिहिलं. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणत. पेटीच्या मेंदूला चार कप्पे आहेत, त्यांना कोअर म्हणतात. बाईंनी चौघांना चार कामं वाटून दिली. पहिला दारात उभा राहून पाकीट आलं का ते बघतो. पाकीट नसलं तरी बघतो. क्षणाचीही उसंत घेत नाही, त्यामुळे रिकामा असतानाही तो सर्वांत कामसू दिसतो. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. दुसरा पाकिटं वाटतो, तिसरा तपासतो आणि चौथा बाहेर सोडतो. चौथ्याची रीत जीपवाल्यासारखी. बत्तीस सीटा भरल्या की गाडी सुटणार, कारण एकेका पाकिटासाठी फेरी मारणं परवडत नाही. पण बाईंनी त्याच्या हाती एक घड्याळ दिलं होतं. पापणी लवेपर्यंत थांबायचं, मग गाडी भरो न भरो, सोडायची.

ते दिवस वैभवाचे होते. घंटा, तपासण्यांचे अहवाल, क्ष-किरणांची चित्रं, सगळं माझ्यातूनच जाई. मोठे डॉक्टर पाहुण्यांना जिन्याखाली आणून माझी पेटी दाखवत. पाहुणे वाकून बघत आणि उठताना हमखास जिन्याला डोकं आपटून घेत.

मग बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी एक तरुण इंजिनिअर आला. त्याला वेगाचं वेड, म्हणून सगळे त्याला टर्बो म्हणत. त्यानं मला उलगडून पाहिलं आणि चौथ्याचं घड्याळ त्याच्या डोळ्यांत खुपलं. सारखं घड्याळ बघण्यात वेळ जातो म्हणून त्यानं ते काढूनच टाकलं. तपासणीसाठी त्यानं लाखो पाकिटांचा लोंढा माझ्यावर सोडला. गाड्या भराभर भरल्या, भराभर सुटल्या. वेगाचा आलेख वर गेला. टर्बोला प्रशस्तिपत्रक मिळालं, त्याच्या आईनं ते चौकटीत लावलं.

वर्षभर कोणाचंच काही अडलं नाही. नंतर पलीकडे नवी इमारत झाली, तिला नवं यंत्र आलं. माझ्याकडे उरल्या फक्त जुन्या इमारतीच्या घंटा. माझं अंगण ओस पडलं, मित्रांनो. आणि ओस जागेत भुतं येतात म्हणतात, तशी ती आली.

घरी गेलेल्या रुग्णांच्या घंटा वाजू लागल्या. दिवस-दिवस टेबलावर शांतता असे आणि मग एकाएकी बत्तीस घंटा एकामागून एक. सिस्टर धावत जात, तर खाट रिकामी.

वॉर्डातले मामा खोल्या झाडत. ते म्हणाले, “सिस्टर, ही जागाच बाधलेली आहे. मी सांगतो ना, यांना जायचं नाहीये.”

“मामा, बिल भरून गेलेला माणूस परत येईल का हो इथं?” सिस्टर म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनीही नंतर धावणं सोडलं. फेरीच्या वेळी जात तेवढंच. घंटा वाजली तर भूत आणि न वाजली तर सगळं ठीक, असा नियमच पडून गेला.

शेवटच्या खोलीत एक शिंपीकाका होते. उशीचा उसवलेला अभ्रा त्यांनी सिस्टरांकडून सुई-दोरा मागून घेऊन शिवला होता. एका दुपारी सिस्टर फेरीवर गेल्या तेव्हा काका गेलेले होते. त्यांच्या मुलीला सिस्टर म्हणाल्या, “झोपेतच गेले गं. कोणाला हाकसुद्धा मारली नाही.” मुलगी रडली, पण तेवढ्यानं तिला धीर आला. मामांनी खोली झाडली.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या टोकाच्या खोलीत एका रुग्णाच्या हाताला लावलेली सलाईनची सुई निसटली. चादर लाल होऊ लागली. ऑपरेशन होऊन एकच दिवस झालेला, उठायचं बळ नाही, आवाजही फुटत नव्हता. त्या रुग्ण म्हणजे माझ्या बाई.

त्यांनी घंटा दाबली. दारावरचा दिवा लागला नाही. पुन्हा दाबली. काहीच नाही. मग त्या क्षणभर थांबल्या, आणि मला वाटतं, तिथंच त्यांनी मला ओळखलं. घड्याळ नाही. गाडी भरण्यासाठी थांबून राहिली आहे. त्यांनी मोजून मोजून घंटा दाबायला सुरुवात केली. बत्तीस वेळा दाबावी लागणार हे त्यांना ठाऊक होतं. पाकीट येत होतं, चौथा त्याला सीटवर बसवत होता आणि वाट बघत होता.

सत्ताविसाव्या वेळीच दिवा लागला.

टेबलापाशी मामांनी किंकाळी फोडली, कारण पहिला दिवा लागला तो शेवटच्या खोलीचा. तो विझेपर्यंत बाईंचा लागला आणि लागतच राहिला. एकाच खोलीचा दिवा इतक्या वेळा लागलेला पाहून सिस्टर मात्र या वेळी धावल्या. हात बांधला, रक्त थांबलं.

बाईंना बोलता आलं तेव्हा त्यांनी विचारलं, “माझ्या आधी कोणाची वाजली?”

“शेवटच्या खोलीची. पण तिथं कोणी नाही हो. काका दुपारीच...”

“पाच वेळा?”

सिस्टर खाली बसल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

बाईंनी डोळे मिटून घेतले. पाच सीटा आधीच भरलेल्या होत्या, मित्रांनो. दुपारपासून.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टर्बोला बोलावलं.

“घड्याळ काढलंस का रे?”

“ते उगाच वेळ खात होतं, मॅडम. मी तपासलं होतं ना, लाखो पाकिटं सोडून.”

“एकच पाकीट सोडून बघितलंस?”

तो तडक जिन्याखाली आला, बादली सरकवून जमिनीवर बसला आणि त्यानं घड्याळ होतं तिथं परत लावलं. काकांच्या मुलीला कोणी काही सांगितलं का, मला ठाऊक नाही. ते माझ्या वाटेनं गेलं नाही. ती पाच पाकिटं ठेवलेली जागा मात्र माझ्याकडे आहे. आमच्यात काही पुसलं जात नाही, त्यावर नवं लिहिलं जातं. तिथं आजवर हजारो पाकिटं बसून गेली. तरी प्रत्येक नवं पाकीट तिथं बसताना मला वाटतं, कोणीतरी जरा सरकून जागा दिली.

शेवटच्या खोलीची घंटा अजूनही वाजते. खोली रिकामी असते. टर्बो कामावरून घरी जाताना तिथं थांबतो आणि घंटा दाबतो, एकदाच. दिवा ताबडतोब लागतो. सिस्टर उठून जातात.

“काही हवंय का?”

“नाही. तपासत होतो.”

“बरं,” त्या म्हणतात आणि परत येतात. त्यांनी एकदाही त्याला सांगितलं नाही, की पुरे आता.

मित्रांनो, पेटीवरची धूळ झटकायला मी तुम्हाला बोलावत नाही. मागणं एवढंच आहे. एखादं घर, एखादी खोली फार शांत वाटली, तर सगळं ठीक आहे असं समजून पुढे जाऊ नका. दार ढकला, आत डोकावा. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.