घट्ट झाकण

समीक्षाने डबा दवाखान्यातल्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला आणि झाकणावरची चिकटपट्टी पुन्हा एकदा बोटांनी दाबली. नागपूर ते बालाघाट, अख्ख्या प्रवासात तिने तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता. आत बोटभर उंचीची एक बंद बाटली होती. त्या बाटलीत बाबांचा पाय आहे, असंच ती स्वतःला सांगत आली होती.

गुणाकरांचा उजवा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. चाळीस वर्षं ओढलेल्या विड्यांनी रक्तवाहिन्या पार बुजवून टाकल्या होत्या. सोमवारी पाय गुडघ्याखालून कापायचा ठरला होता. त्याआधी एकच उपाय उरला होता, तोही अजून प्रयोगातला. समीक्षा नोकरी करायची त्या प्रयोगशाळेत रोग्याच्याच चरबीतून मूळपेशी काढून वाढवत आणि त्या अशा पायात टोचत. पण उभा जन्म मँगनीजच्या खाणीत घालवलेल्या माणसाच्या पोटावर चरबी कसली असणार? दोनदा सुई घातली तेव्हा जेमतेम चमचाभर निघाली. आता पुन्हा काढायला काही उरलंच नव्हतं.

"झाकण उघडू नोको, माय," ती म्हणाली आणि आईला कळावं म्हणून तिने खाणीचाच दाखला दिला. या पेशी तीन आठवडे मुद्दाम कमी हवेत वाढवल्या आहेत. भरपूर हवेत लाडावलेल्या पेशी रक्त नसलेल्या पायात गेल्या की मरतात. कमी हवेची सवय झालेल्या तग धरतात. पंच्याऐंशी साली खाणीचं छत बसलं तेव्हा नवे दोघं गेले आणि मुरलेले बाबा वाचले, तसंच.

गोदाबाईंनी मान हलवली. खाटेवरून गुणाकरही ऐकत होते.

समीक्षा चुकली ती इथेच. त्या वेळी बाबा सव्वीस तास ढिगाऱ्याआड होते. बायकांना आत सोडत नव्हते. गोदाबाई खाणीच्या तोंडाशी रिकामे हात मांडीवर ठेवून बसून होत्या. त्यानंतर त्यांच्या घरात एकही झाकण कधी घट्ट लागलं नाही. लोणच्याला बुरशी यायची, पापड सादळायचे, पौषाच्या थंडीतही खिडकी सताड उघडी. घरचे चिडवायचे, त्याही हसायच्या, आणि जाता जाता आणखी एक झाकण सैल करून ठेवायच्या. तेवीस वर्षं हे बघितलेली मुलगी डबा त्यांच्याच हवाली करून डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर दर शनिवारी नागपूरहून येत. त्यांच्यापुढे रोगी होते. ते येतो म्हणेपर्यंत वीसेक मिनिटं गेली.

ती परतली तेव्हा डब्याचं झाकण भिंतीला टेकवलेलं होतं. बाटलीचं बूच निघालेलं होतं. बाटलीच्या तोंडावर गोदाबाईंनी पदराचा धुतलेला कोपरा धरला होता, विरजणावर धरतात तसा, आणि दुसऱ्या हाताने त्या वर्तमानपत्राने हलकेच वारा घालत होत्या.

"गुदमरून राह्यले होते वं थे," त्या म्हणाल्या. "तीन हप्ते बंद. तुह्या बाबाचेच जीव हायेत न."

वॉर्डातली हवा आणि धूळ लागलेल्या त्या पेशी आता कुणाच्याच अंगात टोचता येणार नव्हत्या. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. तिला आईचा भयंकर राग आला, ओरडावंसं वाटलं, तेवढ्यात गुणाकरांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"डॉक्टरायले बसाले खुर्ची आण," ते बायकोला म्हणाले. बाटली लेकीच्या हाती देऊन गोदाबाई लगबगीने बाहेर गेल्या.

"मी जागाच होतो," गुणाकर म्हणाले. "बूच काढतानी पाह्यलं तिले."

"मंग थांबवलं काहून नाई, बाबा? तुमाले तं समजलं होतं न."

"समजलं होतं." ते दाराकडे बघत राहिले. "त्या दिवशी तिच्या हातात काईच नव्हतं, पोरी."

समीक्षाने बूच उचलून बाटलीला लावलं.

"तिले सांगू नोको," ते म्हणाले. "पायच लई खराब झालता म्हणजो."

ती व्हरांड्यात गेली. डॉक्टर समोरून येतच होते. प्रवासात बूच निघालं, चूक माझी, असं तिने त्यांना सांगितलं. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली, तिला परत दिली आणि सोमवारची तयारी ठेवा एवढंच नर्सला सांगून पुढच्या वॉर्डाकडे वळले.

ती आत आली तेव्हा गोदाबाई आणलेली खुर्ची पदराने पुसत होत्या. त्यांनी लेकीच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"आता बरं वाटत असन न त्याईले?"

"हौ, माय."

गोदाबाईंनी खुर्ची खाटेजवळ सरकवली आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गुणाकरांनी चादर पायावर ओढून घेतली.