वीतभर सागवान

रत्नागिरीत राहून मी मासे विकत घेत नाही म्हटलं, की लोकांना वाटतं मी शाकाहारी असेन. तसं नाही. विकत घेते ती रुचिरा, माझी बायको. मी फक्त पकडतो आणि सोडून देतो.

पकडण्यापेक्षाही माझा खरा छंद लाकडाचे मासे करण्याचा. बोटभर लाकूड घ्यायचं, त्याला माशाचा आकार द्यायचा, पोटात शिशाची गोळी बसवायची, ओठाच्या जागी प्लास्टिकची पट्टी आणि खाली गळ. रंग देऊन वर रेझिन लावायचं. पाण्यातून ओढला की तो शेपूट हलवत येतो आणि मोठा मासा त्याला खरा समजून गिळायला धावतो. दुकानात याला लूर म्हणतात आणि ते तयार मिळतात. पण तयार आणायचे तर हौस कसली? रुचिरा म्हणते, पन्नाशीचा माणूस गॅलरीत बसून खेळणी करतो आणि माझी नेलपॉलिश संपवतो. ते खरं आहे. माशाचे डोळे रंगवायला नेलपॉलिशइतकं चांगलं दुसरं काही मिळत नाही.

मी मूळचा देवरूखचा. इथे एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. रविवारी सकाळी स्कूटर काढायची आणि भाट्याच्या खाडीकाठच्या एका वाडीत जायचं, हा माझा सात वर्षांचा नेम. तिथे काशीरामकाकांचं घर आहे. काका जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. सत्तरी उलटली, गुडघे गेले, आता पडवीत बसून जाळ्याची भोकं सांधतात. मी कोण कुठला, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला चिखलात कुठे पाय टाकायचा नाही ते दाखवलं. सगुणाकाकी दर रविवारी न विचारता चहा आणून देतात. माझी गळाची काठी, माझे बूट, माझा डबा, सगळं त्यांच्या जुन्या होडीच्या मांडवात पडलेलं असतं.

त्या होडीचं नाव आवडाबाई. ते काकांच्या आईचं नाव. आता सगळ्यांच्या फायबरच्या होड्या आहेत. आवडाबाई नऊ वर्षं पाण्यात गेलेली नाही, झावळ्यांच्या मांडवाखाली सुकते आहे. पण नारळी पौर्णिमेला वाडीतल्या सगळ्या होड्यांबरोबर तिचीही पूजा होते. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. हळदकुंकू लागतं ते नाळेला, नारळ वाढवतात तो नाळेसमोर. हे मला माहीत नव्हतं असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. माहीत होतं. गेली तीन वर्षं मी दर वर्षी त्या पूजेचा प्रसाद खाल्ला आहे.

माझी अडचण लाकडाची होती. मी पांगारा वापरायचो, तो हलका. पावसाळ्याच्या तोंडी तांबोशीसारखी मोठी मासळी खाली खडकाला धरून असते आणि माझे लाकडी मासे वर तरंगत. मला जड लाकूड हवं होतं, पाणी न पिणारं. आवडाबाई सागवानी होती आणि तिने तीस वर्षं माशाचं तेल प्यायलं होतं. नाळेचं टोक एका बाजूने जरासं चिरलेलं होतं. दर रविवारी बूट घालताना ते माझ्या डोळ्यांसमोर यायचं. आज ना उद्या पडणारच आहे, असं माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी काका-काकी लेकीकडे संगमेश्वरला गेले होते. माझ्या पिशवीत करवत असते. दहा मिनिटं लागली असतील. वीतभर तुकडा निघाला आणि त्यातला चिरलेला भाग जेमतेम दोन बोटं होता, बाकी सगळं धडधाकट लाकूड मी कापलं होतं. मागायचं का नाही? मागितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून. इतकी साधी गोष्ट होती.

घरी येऊन बघितलं तर तुकड्यावर कुंकवाचा डाग होता, लाकडात मुरलेला. मी तो पॉलिश पेपरने घासून काढला. रुचिराने विचारलं तेव्हा देवरूखच्या वखारीतून आणलं म्हणून सांगितलं.

मासा मात्र असा झाला की मी स्वतःच त्याच्या प्रेमात पडलो. जूनच्या शेवटी त्याला चार किलोची तांबोशी लागली. मी फोटो काढला, तिला पाण्यात सोडलं आणि फोटो आमच्या गळवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. कोणी गुरू म्हणालं, कोणी उस्ताद. लाकूड कुठलं असं तिघांनी विचारलं. मी लिहिलं, जुनं सागवान, नशिबाने मिळालं.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली तसं सगुणाकाकींनी पावसाची ताडपत्री काढून होडी पुसायला घेतली आणि त्यांना दिसलं. मी त्या रविवारी पोचलो तेव्हा मांडवात आठ-दहा माणसं उभी होती. काकी नाळेच्या कापलेल्या जागेवर तळहात ठेवून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, तुम्ही रविवारचे इथेच असता, कोणाला बघितलंत का?

तेव्हा सांगता आलं असतं. आठ-दहाच माणसं होती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, “नाही बुवा. कोणीतरी लाकूडफाट्याला नेलं असेल.”

हे वाक्य मी का बोललो ते आजही मला सांगता येत नाही. नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प बसलो असतो तर निदान खोटं तेवढ्यावर थांबलं असतं. वाडीत सगळ्यांकडे गॅस आहे. लाकूडफाटा जाळतो तो एकटा बाबल्या. तो वाडीच्या टोकाला आईबरोबर राहतो, दुसऱ्यांच्या होड्या ओढायला जातो आणि भरतीला वाहून आलेली लाकडं गोळा करून चूल पेटवतो. मी त्याचं नाव घेतलं नाही. घेण्याची गरजच पडली नाही. माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि विषय तिथेच संपला.

पौर्णिमेच्या दिवशी मी जाणार नव्हतो. पण दर वर्षी जाणारा माणूस या वर्षी गेला नाही तर कोणाच्या मनात काय येईल, या भीतीने गेलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. होड्यांना पताका लागल्या होत्या. आवडाबाईच्या कापलेल्या नाळेला काकींनी हिरवं खणाचं कापड बांधलं होतं. नारळ वाढवण्याआधी वाडीतला सर्वांत जुना तांडेल देवाला गाऱ्हाणं घालतो. तो एकेक मागणं मागतो आणि जमलेली माणसं त्याला दुजोरा देतात. काका दोन माणसांच्या आधाराने उभे राहिले. चोराला देव बघून घेईल, त्याचे हात झडतील असं काहीतरी ते बोलणार, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगतो, मला ते चाललं असतं. शिव्याशापाला माणूस मनातल्या मनात उलट उत्तर देऊ शकतो.

“बा दर्याच्या राजा,” काका म्हणाले, “ज्या कोनी आवडाबाईची नाळ कापली, त्याच्या घरात चूल पेटवाया काय नसंल म्हनून कापली आसंल. त्याच्यावर राग धरू नको. त्याच्या चुलीला लाकूड कमी पडू देऊ नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

मीही म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो. माझ्यापासून चार हातांवर बाबल्या उभा होता. सगळी वाडी समोर नारळाकडे बघत होती आणि तरी त्याच्याकडेच बघत होती. तो खाली मान घालून तेच म्हणाला. न म्हणून करणार काय? तो गप्प राहिला असता तर तोच चोर ठरला असता, आणि म्हणाला तर त्याने माफी पदरात घेतल्यासारखं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस मेल्यासारखा झाला तरी प्रसाद घेऊन घरी जातो, तसा मी गेलो.

पुढचे दोन रविवार मी पावसाचं निमित्त करून गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तर बाबल्याच्या दारात लाकडाच्या मोळ्या पडलेल्या. एक नाही, अकरा. वाडीने काकांचं गाऱ्हाणं मनावर घेतलं होतं. एकेका घराने आपल्या परड्यातली वाळकी लाकडं, नारळाची सोडणं, झावळ्यांचे पिडे बांधून त्याच्या दारात आणून ठेवले होते. न बोलता, रात्री-पहाटे नाही, चांगलं दिवसाउजेडी. बाबल्याने एकाही मोळीला हात लावला नव्हता. त्या पावसात भिजून काळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्यातून वाट काढत त्याची म्हातारी घागर घेऊन घरात जात होती. बाबल्या उंबऱ्यावर बसला होता. मला बघून त्याने नेहमीसारखी मान हलवली.

मी तसाच मागे वळलो आणि काकांच्या पडवीत जाऊन उभा राहिलो. बसायचं धाडस झालं नाही. म्हटलं, काका, नाळ मी कापली.

काकांच्या हातातली सुई थांबली. त्यांनी काकींना हाक मारली आणि मला म्हणाले, परत बोला, हिला ऐकू दे. मी परत सांगितलं. काकी दाराला टेकून उभ्या राहिल्या.

“तुमी?” काका म्हणाले. “कशाला?”

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पिशवीत होतं. मी तो मासा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, गळाला अंगठा लावून बघितला. लाकडाच्या पोटावरून बोट फिरवलं. काम चांगलं केलंय म्हणाले. ते चेष्टेने बोलले नव्हते, पण ऐकून माझे कान तापले. मग त्यांनी विचारलं, याला मासा लागतो का? मी म्हटलं, लागला, चार किलोची तांबोशी.

“खाल्लाव?”

“नाही. सोडली. फोटो काढून.”

काकांनी मासा बाजूला जाळ्यावर ठेवला. त्यांना राग आला नव्हता. त्यांना कळत नव्हतं. भूक त्यांना कळते, थंडी कळते, चोरीसुद्धा कळते. या माणसाला पोटाला कमी नाही, घरी गॅस आहे, आणि याने एक मासा पकडून परत सोडण्यासाठी आपल्या आईच्या नावाची होडी कापली, हे त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. त्यांच्या देवापुढच्या मागण्यातही ते बसलं नव्हतं. मला तिथल्या तिथे दोन थोबाडीत बसल्या असत्या तर मी उपकार मानले असते.

मग काकी बोलल्या. म्हणाल्या, आम्हाला सांगून काय उपयोग, आम्ही तर माफ करून बसलोय. बाबल्याकडे जा.

बाबल्याला मी उंबऱ्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, अगदी लाकूडफाट्याच्या वाक्यासकट. त्याने ऐकून घेतलं. त्याची म्हातारी आतून म्हणाली, आत घे भाऊंना, भिजतायत. त्याने मला आत घेतलं नाही. उठला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि एक मोळी उचलून डोक्यावर घेतली.

“परत करायच्या हायत,” तो म्हणाला. “मी उचलतो. बोलायचं तुमी.”

पहिलं घर दमयंतीचं होतं. ती घाऊक मासळी घेऊन बाजारात बसते, वाडीत तिच्या शब्दाला वजन आहे. बाबल्या अंगणात उभा राहिला, मोळीतलं पाणी त्याच्या मानेवरून गळत होतं. मी पायरीवर चढून सांगितलं की नाळ बाबल्याने नाही, मी कापली. तिने विचारलं, कशाला? मी सांगितलं, हौस म्हणून. लाकडाचा मासा करायला.

दमयंती हसली. अगदी मायेने हसली.

“भाऊ, तुमी मोठ्या मनाचे. गरिबाची अब्रू झाकाया बघताव. पन तुमीच तर बोल्लेलाव ना, लाकूडफाट्याला नेलं म्हनून?”

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, करवत सांगितली, तारीख सांगितली. जितकं सांगत गेलो तितकी तिची नजर मऊ होत गेली. ती मला चहा विचारायला लागली. माझ्या खांद्यावरून तिने बाबल्याला म्हटलं, बघ, भाऊ तुझ्यासाठी किती करतायत, आता तरी जपून राहा.

बाबल्याने मोळी तिच्या पडवीत नीट उभी करून ठेवली. टॉवेल पिळला. त्याने तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

“तवाच बोलायचं व्हतं, भाऊ,” तो म्हणाला, आणि दुसरी मोळी आणायला वळला. मी त्याच्या मागून पायऱ्या उतरलो.