परदेशी पुड्यावरचं कपाळ

हणमंतरावांच्या उदबत्त्या कानडी मुलखातल्या आमच्या शिवाजीनगरातून थेट जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा एकसष्ट साल चालू होतं. मी त्यांच्या कारखान्यात पुड्यांवरची चित्रं काढायचो. इथल्या पुड्यावर गणपती होता. तिकडच्या व्यापाऱ्याला गणपती नको, भारतीय बाई हवी होती. वासही मंद हवा होता. ते लोक उदबत्ती देवापुढे लावत नाहीत, दिवाणखान्यातला सिगारचा वास घालवायला लावतात. ज्याची त्याची भक्ती.

बाई म्हटल्यावर मी अहल्येला काढलं. अहल्या माझी बायको. आदल्या वर्षी विषमज्वराने गेली. तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणायची. न काढताही घटलंच. भरल्या कपाळाने गेली म्हणून बायकांनी तिला भाग्यवान ठरवलं. मी रडलो नाही. तेव्हापासून मला काही वाटायचंच बंद झालं होतं. आमटीत मीठ नसलं तरी मी जेवून उठायचो. चित्र काढतानाही नुसता हात चालला, पण चेहरा हुबेहूब उतरला. आमची कावेरी तीन वर्षांची, आईला विसरत चालली होती. पुडा छापून आला की तिला दाखवायचा, एवढं एकच मनात धरलं होतं.

चित्र जर्मनीला जाऊन परत आलं.

"हयवदनअण्णा, नथ काढा," हणमंतराव म्हणाले. "बाईच्या नाकाला दुखत असेल असं वाटतंय त्यांना."

नथ काढली. चित्र पुन्हा गेलं, पुन्हा आलं.

"आता कुंकवाचं स्वल्प बघा. बाईला गोळी लागल्यासारखं दिसतं म्हणे."

"ते नाही काढता येणार."

"का?"

हणमंतराव काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही घरात कुंकू होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे.

"सरी, बरं. मग शिवकाशीच्या पेंटरला सांगतो. तो दुसरीच बाई काढील."

म्हणजे बिनकुंकवाची अहल्या, नाहीतर अहल्याच नाही. मी अंगाचा रंग कालवला आणि तिच्या कपाळावरून ब्रश फिरवला. रंग वाळेपर्यंत कॉफी प्यालो.

पुडे छापून आले तसा एक घरी नेला. अहल्या गेल्यापासून तिची आई, कृष्णाबाई, कावेरीला सांभाळायला आमच्याकडेच होत्या. त्यांना वैधव्य येऊन वीस वर्षं झाली होती. कावेरी त्यांच्या मांडीवर बसली होती. मी पुडा तिच्यापुढे धरला.

"ही कोण, सांग बघू?"

तिने चित्राकडे पाहिलं, मग वर आजीच्या तोंडाकडे. तिला लगेच ओळख पटली.

"अज्जी," ती म्हणाली.

कृष्णाबाईंनी पुडा हातात घेतला. लेकीचं मोकळं कपाळ बराच वेळ पाहिलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही जिवंत आहात ना?"

मी हो म्हटलं. पण ते म्हणायला मला इतका वेळ लागला, की तोवर त्यांनी पुडा कोनाड्यात पालथा ठेवून दिला होता.