पिवळ्या रंगाखालची भेग

मी एक जुनी क्रेन आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. बाईला वय विचारू नये म्हणतात. एका चिमुकल्या बेटदेशाच्या एकुलत्या एक धक्क्यावर मी उभी आहे. मित्रांनो, 'एकुलती एक' हे ऐकायला लाडाचे वाटते. एकुलत्या एका लेकराचे लाड होतात हे खरे. एकुलत्या एका क्रेनला मात्र साधी सुट्टीसुद्धा मिळत नाही.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या मोठ्या बंदरांत म्हणे क्रेनची रांगच्या रांग असते. एक आजारी पडली की शेजारची तिचे काम उचलते. मी मात्र सुट्या भागांत जहाजाने इथे आले, इथेच माझे हातपाय जोडले गेले, आणि पहिल्याच दिवशी मी पिठाची पोती उतरवली. ते पाहायला सगळा देश धक्क्यावर लोटला होता. म्हणजे फार गर्दी झाली असे समजू नका. आमचा देशच तेवढा आहे. इथे कुणी दगड भिरकावला, तर तो कुणाच्या तरी साडूलाच लागतो.

मग मी राबले. पीठ, औषधे, छपराचे पत्रे, शाळेचे बाक, दवाखान्यातले एक्स-रेचे यंत्र, सगळे माझ्याच हुकाला लटकून या देशात आले. आमच्याकडे पिकते थोडे आणि बनते त्याहून थोडे. पोस्टाच्या तिकिटावर माझे चित्र छापले गेले तेव्हा माझी मान ताठ झाली, मला मान नाही तरीसुद्धा!

माझ्या केबिनमध्ये बसून मला चालवणाऱ्या माणसाला सगळे बंदर 'मामा' म्हणते. पण ते खरेखुरे मामा आहेत बंदराच्या साहेबांचे. साहेब म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा. लहानपणी तो त्यांच्या मांडीवर बसून माझे दांडे ओढायचा. पुढे शिकून इंजिनिअर झाला आणि मामांचाच साहेब होऊन आला. मामांना त्याचे भारी कौतुक होते.

एका वर्षी मोठे वादळ आले. त्याने निम्म्या गावाची छपरे उडवली आणि माझा लांब हात पिळून टाकला. हात जिथे मनोऱ्याला जोडलेला आहे, त्या माझ्या खांद्यात भेग पडली. मी आजारी होते तेवढे दिवस जहाजे खोल पाण्यात नुसती उभी राहिली आणि कंटाळून निघून गेली. दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटल्या संपल्या. आया लेकरांना कडेवर घेऊन धक्क्यावर यायच्या आणि समोर दिसणाऱ्या पण हाती न लागणाऱ्या जहाजाकडे बघत बसायच्या. मला तेव्हा फार वाईट वाटले. शेवटी भेगेवर वेल्डिंगचे टाके घालून मला पुन्हा कामाला जुंपले.

नवी क्रेन घ्यावी म्हणून सरकारने कमी व्याजाचे कर्ज मागितले. उत्तर आले, 'तुमचे दरडोई उत्पन्न चांगले आहे. तुम्ही खातेपिते आहात.' याचे कारण आमच्या बेटाच्या दुसऱ्या टोकाला असलेले श्रीमंतांचे बंगले. सरासरी ही मोठी लबाड बाई आहे, मित्रांनो. एकाने दहा केळी खाल्ली आणि नऊ जण उपाशी राहिले, तरी ती हात झटकून म्हणते, प्रत्येकाला एकेक केळे मिळाले!

साहेबांची बायको आकडेवारी खात्यात आहे. तिला सगळे 'आकडेवाली' म्हणतात. एका दुपारी ती धावतच धक्क्यावर आली. बातमी अशी की आता जगातले देश वेगळ्या रीतीने मोजणार होते. तुम्ही किती कमावता एवढेच न बघता, धक्का बसला तर किती खोल पडता आणि उठायला किती काळ लागतो, तेही मोजणार होते. त्या मापात आमचा कमकुवतपणा दिसला, तर स्वस्त कर्जाचे दार उघडण्याची आशा होती. पाहणीसाठी एक बाई येणार होत्या.

नवराबायको माझ्याच सावलीत डबा खात होती, म्हणून पुढचे भांडण मला ऐकू आले.

"क्रेनला रंग देतो," साहेब म्हणाले. "भेगेत पुट्टी भरून घेतो. नव्यासारखी दिसेल."

"अहो, भेगच तर दाखवायचीये त्यांना!"

"वेडी आहेस का? कर्ज मागायला जाताना कुणी फाटका सदरा घालून जातं का?"

"आणि डॉक्टरकडे जाताना कुणी पावडर लावून जातं का?"

"हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुण्यांपुढे घरातलं दुखणं मांडायची आपली रीत नाही."

आकडेवालीने डबा तसाच बंद केला आणि ती निघून गेली.

मला पिवळाधमक रंग लागला. खोटे कशाला बोलू, मला तो आवडला. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे पाहून 'वा!' म्हणाले. पण खांद्यात पुट्टी भरली जाताना मनात धस्स झाले. पुट्टीने भेग दिसेनाशी होते, ती सांधत नाही. हलकी पोती उचलताना मला तिची कुरकुर जाणवायचीच.

आकडेवालीसोबत पाहणीच्या बाई आल्या. चष्मा, उन्हाची टोपी, शांत चेहरा. साहेबांनी त्यांना सावलीत उभे केले आणि ते मामांजवळ गेले.

"मामा, तो निळा कंटेनर उचलून जहाजापर्यंत नेऊन दाखवा."

"भरलेला? अरे, रिकामा उचलतो की."

"पाहुण्यांपुढे रिकामा डबा हलवायचा? हसतील, मामा."

मामांनी माझ्या खांद्याकडे पाहिले, मग भाच्याकडे. "बरं. तू म्हणतोस तर," म्हणाले आणि शिडी चढू लागले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, 'मामा, नको!' पण यंत्राला तोंड नसते. दांडा ओढला की निमूटपणे उचलायचे, एवढेच आम्हाला ठाऊक.

तार ताणली गेली. कंटेनर जमिनीवरून सुटला. गुडघ्याइतका, पुरुषभर, छपराइतका वर गेला. बाई कौतुकाने म्हणाल्या, "छान! बंदर भक्कम दिसतंय तुमचं," आणि तसे लिहू लागल्या. आकडेवालीचा चेहरा पांढराफटक पडला. 'भक्कम' हा एकच शब्द आमचे दार पुन्हा बंद करणार होता. साहेब हसत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून हलत नव्हती.

तेवढ्यात कट्ट असा बारीक आवाज झाला.

पिवळ्या रंगावर केसाएवढी रेघ उमटली आणि खाली सरकू लागली. माझा सगळा भार त्या रेघेवर आला होता. एक झटका बसला असता तर हात तुटला असता, आणि त्याच्यासोबत मामांचे केबिन. साहेब गप्प राहिले असते तर मामांनी ठरल्याप्रमाणे कंटेनर फिरवून जहाजापर्यंत नेला असता. कदाचित निभावले असते आणि अब्रू राहिली असती. कदाचित!

"मामा!" साहेब ओरडले. तो साहेबाचा आवाज नव्हता, मांडीवरच्या पोराचा होता. "फिरवू नका! हळू खाली घ्या, हळू! बाई, मागे व्हा, सगळे मागे व्हा!"

मामांनी कंटेनर इतका हळू उतरवला की वाऱ्याचासुद्धा श्वास अडकला असावा. मी दात आवळून त्याला तोलून धरले. तो जमिनीला टेकला, माझा हात हलका झाला, आणि पुट्टीचा मोठा पोपडा सुटून बाईंच्या पायाशी पडला.

मग साहेबांनी खिशातून किल्ली काढली, शिडी चढले आणि उरलेली पुट्टी खरवडून काढली. खाली आले ते थेट बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, ते भक्कम लिहिलंय ना, ते खोडा," ते म्हणाले. "ही एकच क्रेन आहे आमच्याकडे. एकच धक्का आहे. आणि वर बसलेत ते माझे एकुलते एक मामा. ही बंद पडली की आमचं अन्न समुद्रात उभं राहतं आणि आम्ही किनाऱ्यावरून बघत बसतो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

बाईंनी लिहिलेले खोडले. "मी फक्त मोजते, देणारे दुसरे आहेत," त्या म्हणाल्या. "मोजलं म्हणजे मिळालं, असं नाही. पण माप खरं असलं, तर तुम्ही खातेपिते आहात असं म्हणून कुणाला तुम्हाला टाळता येणार नाही."

मामा उतरले. भाच्याला आता चांगलेच फैलावर घेणार, असे सगळ्यांना वाटले. त्यांनी फक्त त्याच्या गालाला लागलेला पिवळा रंग पुसला. "रंग मात्र झकास होता हो," म्हणाले.

त्यानंतर पुष्कळ दिवस नुसती वाट पाहण्यात गेले. खांद्यावर पोलादी पट्ट्या ठोकून मला हलकी कामे तेवढी देत होते. आभाळ काळवंडले की सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी आभाळाकडे. अखेर कर्ज मंजूर झाले. नवी क्रेन जहाजातून आली आहे. स्वतःची क्रेन असलेल्या त्या खास जहाजाने तिचे जड भाग उतरवून रचून दिले आणि ते परत गेले. आता ती माझ्या शेजारी जवळजवळ उभीही राहिली आहे. ती उभी राहिली की मला तोडून भंगारात देणार. याचे दुःख होते, नाही कशाला म्हणू? पण सलाइनच्या बाटल्या पुन्हा कधी समुद्रात अडकणार नाहीत, हे आठवले की मन थाऱ्यावर येते.

आता फक्त तिचे केबिन वर चढवायचे राहिले आहे, आणि ते चढवायला या देशात माझ्याशिवाय दुसरे कोण आहे? हे तुम्हाला सांगते आहे, तेव्हा ते माझ्या हुकाला अडकवलेले आहे. हलके आहे, असे सगळे म्हणतात. तरी सकाळी मामा शिडी चढू लागले, तेव्हा साहेबही त्यांच्या मागोमाग चढले.

"तू कशाला? खाली थांब," मामा म्हणाले.

"नाही, मामा. आज मी खाली थांबणार नाही."

दोघे माझ्या केबिनमध्ये दाटीवाटीने बसले आहेत. मित्रांनो, यंत्राला रंग जरूर द्या, त्यालाही नटावेसे वाटते. पण आधी त्याला कुठे दुखते ते विचारा, आणि माणसांना व देशांनाही तेच विचारा. दुखणे सांगणाऱ्याला हसू नका. बाकी बोलायला आता वेळ नाही. मामांनी दांड्यावर हात ठेवला आहे, त्यावर भाच्याने आपला हात ठेवला आहे, आणि तार ताणली जाते आहे.