पियानोच्या डावीकडची खुर्ची

क्लॅरिनेट आणि पियानोच्या कार्यक्रमाला आलेली माणसं कशी ऐकतात, ते मला विचारा. काय वाजवलं ते विचारू नका. मी चष्मेवाला आहे. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर जो छोटा हॉल आहे, त्यातले निम्मे श्रोते माझ्याच दुकानातले चष्मे लावून येतात. पियानोच्या डावीकडे भिंतीला लागून एक लाकडी खुर्ची असते. तिथे बसून जरा मान वळवली की सगळे दिसतात.

पहिल्या रांगेत निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. वर लांबचा, खाली जवळचा, अशा दुहेरी काचा. कार्यक्रमभर त्या खालच्या काचेतूनच बघतात, वाजवणाऱ्यांची वही तपासायला घेतल्यासारख्या. त्यांच्या मागे दातांचे डॉक्टर. हे दुसऱ्या मिनिटाला डोळे मिटतात. विचारलं तर म्हणतात, डोळे मिटल्याशिवाय संगीत आत जात नाही. जात असेल बुवा, पण त्यांचं तोंडही उघडं असतं. दाराजवळ एक टाळीवाले गृहस्थ. मोठ्या रचनेचे तीन भाग असतात आणि टाळ्या शेवटी वाजवायच्या असतात, हे त्यांना कितीही वेळा सांगा. पहिला भाग संपला की यांचे हात शिवशिवतात.

तर ती खुर्ची पानं उलटणाऱ्याची. पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, मग समोरच्या नोटेशनचं पान कोण उलटणार? त्यासाठी शेजारी माणूस बसतो. वाजवायची माझी बायको, क्लॅरिनेटवर तिचा धाकटा भाऊ, आणि पानं उलटायला मी. लग्न झालं तेव्हापासून.

मला नोटेशन वाचता येत नाही. सुरुवातीला तिने शिकवून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती म्हणाली, "अहो, मी मान हलवली की पान उलटा. बाकी डोकं लावू नका." तेवढं मला जमलं. लोकांना वाटायचं, चष्मेवाले मोठे जाणकार आहेत. मीही कधी खुलासा केला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सगळा कार्यक्रमभर मी फक्त तिच्याकडे बघत असायचो. लग्न जुनं झालेल्या माणसाला बायकोकडे असं टक लावून बघायला कुठे मिळतं? घरी बघितलं तर लगेच विचारायची, "काय झालं? काय हरवलंय?" त्या खुर्चीवर बसून मात्र हवं तेवढं बघा, कुणी काही म्हणायचं नाही. मान हलली की पान. माझ्यावाचून तिचं पान हलत नाही, असं मी मनात म्हणायचो आणि छाती फुगवायचो.

एकदा तर ती चष्माच घरी विसरली. नोटेशन ठेवतात त्या अंतरासाठी मी तिला वेगळा चष्मा करून दिला होता, ना लांबचा ना जवळचा. तो नेमका स्वयंपाकघरात ओट्यावर राहिला. परत जाऊन आणायला वेळ नव्हता. पण तिने सगळा कार्यक्रम बिनचूक वाजवला. घरी येताना मी म्हणालो, "बघ, मी पानं वेळेवर उलटली म्हणून निभावलं."

"तर काय!" ती म्हणाली.

गेल्या वर्षी ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. आता मी सकाळी दुकान उघडतो, संध्याकाळी बंद करतो. एका माणसापुरता स्वयंपाक मला अजून जमलेला नाही, एकतर उरतो नाहीतर पुरत नाही. पियानोचं झाकण लावलेलं आहे आणि त्याच्यावर माझे इस्त्रीचे कपडे साठतात. घर खायला उठतं म्हणतात ते खरं आहे. घरात ती कुठेच सापडत नाही. पण हॉलमधल्या त्या खुर्चीचा विचार केला की ती माझ्या उजव्या हाताला बसलेली असते, केस मागे घेतलेले, कानामागे चष्म्याची काडी. म्हणून मला ती खुर्ची हवी होती. दुसरं काही नको होतं.

मेहुण्याने पुन्हा कार्यक्रम करायचं ठरवलं. पियानोवर बायकोचीच एक विद्यार्थिनी, आता स्वतः शिकवते. मी कुणी विचारायची वाट पाहिली नाही. म्हणालो, "पानं मी उलटीन. सवय आहे."

मुलगी भिडस्त. बाईंच्या यजमानांना नाही कसं म्हणणार? तालमीला मी हळूच म्हणालो, "पान उलटायचं असलं की मान हलव हं."

"मान कशाला, काका? तुमच्यासमोरच तर असतं नोटेशन."

"असतं की," मी म्हणालो, आणि खुर्ची उगाच पुढे ओढली.

आता पितळ उघडं पडणार, हे दिसतच होतं. पण माणूस अडला की त्याला आपला धंदा आठवतो. मुलीचा चष्मा माझ्याच दुकानातला. मी नोटेशनकडे बघायचं सोडून दिलं आणि काचेमागचे तिचे डोळे बघत बसलो. डोळे डावीकडून उजवीकडे जातात, खाली उतरतात, पुन्हा डावीकडून निघतात. शेवटच्या ओळीच्या टोकाला पोचले की बुबुळं उजव्या कोपऱ्यात खाली टेकतात. तेव्हा पान उलटायचं. तालमीत एकही चूक झाली नाही. मुलगी म्हणाली, "काका, किती अचूक!" मेहुण्याने माझ्याकडे बघितलं आणि क्लॅरिनेटच्या तोंडाशी उगाच काहीतरी नीट करत बसला.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. हॉल बऱ्यापैकी भरला. पहिला भाग झाला, टाळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापिकाबाईंनी मागे वळून बघितलं, टाळ्या थांबल्या. सगळं नेहमीसारखं. मी डोळे बघत होतो, पानं उलटत होतो. खुर्ची आपली झाली, असं मला वाटायला लागलं होतं.

मग मधला संथ भाग सुरू झाला.

हा तिचा लाडका. आमचं भांडण झालं की ती बोलायची नाही, पियानोवर जाऊन हाच वाजवायची, आणि मी दुसऱ्या खोलीत पेपर उलटा धरून बसायचो. वाचता येत नसलं म्हणून काय झालं? तो माझ्या कानाला पाठ आहे. क्लॅरिनेट हळूहळू खाली उतरते, उतरता उतरता एका लांब सुरावर टेकते, पियानो खालून तिला हात दिल्यासारखा येतो, आणि तिथे तिची मान हलायची. डावीकडे, माझ्या बाजूला, थोडीशीच.

क्लॅरिनेट उतरली. त्या सुरावर टेकली. मी मुलीच्या डोळ्यांकडे बघत नव्हतो. मी कुणाच्या डोळ्यांकडे बघत होतो, ते काय सांगू? मान हलली आणि मी पान उलटलं.

मुलीची अख्खी एक ओळ शिल्लक होती. तिचे हात पियानोवर जागच्या जागी थांबले. हॉलमध्ये फक्त क्लॅरिनेट उरली, तो एकच लांब सूर, आणि मेहुणा तो सोडेना. दाराजवळून एक टाळी आली. एकच. टाळीवाल्यांना वाटलं, संपलं. मुलीने हात लांबवून पान मागे घेतलं, ओळ शोधली, आणि पियानो परत आला. मेहुण्याचे कान लालभडक झाले होते. पुढची पानं मुलीने स्वतःच उलटली, एकेक हात सोडवून. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिलो.

नंतर खाली ग्रंथालयात चहा असतो. मी कोपऱ्यात कप धरून उभा राहिलो, आता कोण काय बोलतं ते ऐकायला. वाटलं होतं, शिव्या खाव्या लागतील.

टाळीवाले आधी आले. खाली मान घालून म्हणाले, "मला वाटलं, संपलं हो."

"मलाही," मी म्हणालो. त्या माणसाचा मला पहिल्यांदाच राग आला नाही.

डॉक्टर एकदम ताजेतवाने होते. "तो मध्ये पियानो थांबतो ना, काय कल्पना आहे! मी त्या शांततेत अगदी बुडून गेलो होतो." म्हणजे त्या शांततेने त्यांना जाग आली होती. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुलगी छान तयार झाली. आता काही कमी भासत नाही."

मी चहा प्यायलो. नाहीतर तोंडातून काय निघालं असतं कुणास ठाऊक. दातांचे डॉक्टर, पण कुठे दुखतं ते कळत नाही.

मुख्याध्यापिकाबाई बिस्किट हातात धरून नुसत्या उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "ती एकट्या क्लॅरिनेटची जागा मी विसरणार नाही. बोलता बोलता घरातलं माणूस उठून आत गेलं आणि परत आलंच नाही, तसं झालं मला." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. काच स्वच्छ होती. मीच परवा पुसून दिला होता. "मुद्दाम तसं लिहिलंय का हो? तुम्ही नोटेशन बघत होतात."

"असेल," मी म्हणालो.

कुणाला चूक कळलीच नव्हती. ज्याला त्याला आपापलं काहीतरी ऐकू आलं होतं, आणि माझ्या बायकोचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही.

गर्दी पांगल्यावर मुलगी आली. "काका, रागावू नका हं. पुढच्या वेळेपासून मी टॅबलेटवरून वाजवणार आहे. पायाशी एक कळ असते, ती दाबली की पान बदलतं. तुम्हाला किती ताण येतो तिथे बसून! तुम्ही आता समोर लोकांत बसून निवांत ऐका."

"बरं," मी म्हणालो. तिच्या आवाजात राग असता तर भांडता तरी आलं असतं.

मी वर हॉलमध्ये गेलो. मेहुणा क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून आतून फडक्याने कोरडे करत होता. मी त्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि त्याला सगळं सांगून टाकलं, मला वाचता येत नाही, मी मानेवर पानं उलटायचो, आज ती मान दिसली.

"मला माहीत आहे, भावोजी."

"काय माहीत आहे?"

"तुम्हाला वाचता येत नाही ते. आणि ताई तिथे एक ओळ आधीच मान हलवायची. आज मीही तिथे थांबलो ना. सूर सोडवेना मला."

"एक ओळ आधी? मग ती ओळ ती वाजवायची कशी?"

त्याने फडकं खाली ठेवलं. "भावोजी, ताईला सगळं पाठ असायचं. लहानपणापासून. कार्यक्रमाला तिने समोरचं नोटेशन कधी बघितलंच नाही. मान उगाच हलवायची, आठवेल तेव्हा."

"उगाच?"

"मी एकदा म्हणालो होतो, ताई, पुस्तकं कशाला बाळगतेस, भावोजींनाही बिचाऱ्यांना अवघडून बसावं लागतं. तर म्हणाली, समोर लोकांत बसवलं तर पाच मिनिटांत घोरायला लागतील. आणि मग हसून म्हणाली, शेजारी असले की बरं वाटतं रे मला."

मी खुर्चीच्या लाकडावरून हात फिरवला.

"चष्मा घरी राहिला होता, तेव्हाही नाही कळलं तुम्हाला?" तो म्हणाला. "चष्मेवाले ना तुम्ही?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिचा नंबर मी काढलेला, काच मी घासलेली. त्या चष्म्याशिवाय तिला त्या अंतरावरचं अक्षर दिसणं शक्य नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि मी रस्त्याने छाती फुगवून तिला सांगत होतो की मी होतो म्हणून निभावलं. ती म्हणाली होती, तर काय. मला वाटलं, थट्टा करते आहे. थट्टा नव्हती ती. मी त्या खुर्चीवर बसून लहान मुलासारखा रडलो, आणि मेहुण्याने पाठ फिरवून पेटीत क्लॅरिनेट भरायला जितका वेळ लावता येईल तितका लावला.

पुढचा कार्यक्रम झाला तेव्हा मी तिकीट काढून समोर बसलो, मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी. पियानोच्या डावीकडे आता नुसती भिंत होती, खुर्ची कुणीतरी आत नेऊन ठेवली होती. मुलगी सुंदर वाजवत होती. मी कार्यक्रम पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकी वर्षं मी बघतच आलो होतो.

शेवटी लोकांच्या आग्रहाखातर त्यांनी तोच संथ भाग घेतला. क्लॅरिनेट खाली खाली उतरली आणि त्या लांब सुरावर टेकली. पियानो तिच्याखाली आला, कुठेही न थांबता. मी डोळे मिटले होते. माझी मान आपोआप हलली, थोडीशीच, उजवीकडे.

मुख्याध्यापिकाबाईंनी कोपराने हळूच ढोसलं. "अहो, झोपलात का?"

"हो," मी म्हणालो.