मांडवी क्लबचा पेटलेला नारळ

गोलखांबाशी ठेवलेल्या नारळावर करणी उतरवणाऱ्या एका बाबांनी तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि शेंडीतून भक्कन जाळ उठला. ओतूरच्या मैदानावर जमलेली दोनेकशे माणसं एकदम मागं सरकली. आमच्या मांडवी फुटबॉल क्लबच्या सामन्याला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती.

"करणी व्हती खांबात! जळाली!" बाबा गरजले. "आता हितनं एकबी गोल शिरायचा न्हाई!"

बाबांनी जन्मात फुटबॉल पाहिला नसावा. गोलकीपरला ते 'राखणदार' म्हणत होते.

ही १९९८ सालची गोष्ट. पोरं क्रिकेटकडं गेली होती, अकरा जण जमवताना नाकी नऊ येत. जिल्हा लीगच्या तळाच्या गटात आम्ही सलग नऊ सामने हरलो होतो. रविवारचा हरलो की लीगमधून नाव कटणार. क्लब उभा केला तो सायकल दुरुस्त करणाऱ्या गेणभाऊंनी, आणि बाबांना आणलंही त्यांनीच. मी सेक्रेटरी. मला हे पटत नव्हतं. पण म्हाताऱ्या गेणभाऊंचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता, म्हणून गप्प बसलो.

आमचा गोलकीपर सुदर्शन. त्याचा गुडघा सुजला होता. नारायणगावच्या डॉक्टरांनी दोन महिने मैदानात उतरू नको म्हणून बजावलं होतं. बाबांनी गुडघ्याला नारळाची राख फासली. "उतरलं दुखणं. रविवारी खुशाल खेळ."

"भाऊ, खेळू का?" सुदर्शननं मला विचारलं.

"तुझं तू बघ," मी म्हणालो.

रविवारी विसाव्या मिनिटाला उंच चेंडू धरून तो खाली आला, गुडघा वळला आणि कट्ट आवाज झाला. तो मला रेषेबाहेर ऐकू आला. सामना आम्ही सहा गोलांनी हरलो.

दोन दिवसांनी बाबा पुन्हा हजर. "करणी खांबातनं पोराच्या पायात शिरली. दुसरा नारळ लागंल."

या वेळी पंधराच माणसं होती. त्यांत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या वैजयंती मॅडम होत्या.

"बाबा, हा दुकानातला नारळ घ्या. याच्यावर शिंपडा."

"देवाची परीक्षा घेती व्हय?"

"देवाची नाही, नारळाची."

त्यांनी बाबांचा नारळ उचलून हुंगला. रॉकेलचा वास येत होता. चिमट्यानं शेंडीतून राखाडी रंगाचा छोटासा खडा काढला आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत टाकला. खडा फसफसत पाण्यावर धावला आणि पिवळा जाळ झाला.

"हा सोडियम धातू. रॉकेलमध्ये ठेवावा लागतो. पाणी लागलं की पेट घेतो. करणी नाही न् देव नाही."

बाबा पिशवी उचलून जीपकडं निघाले. त्यांना कुणी अडवलंसुद्धा नाही.

गेणभाऊ मटकन खाली बसले. "बाई, ह्ये त्या दिशी का न्हाई सांगितलं?"

"आले होते, गेणभाऊ. बाईमाणसाचा पाय लागला तर विधी बाटतो म्हणत तुमच्या माणसांनी मला फाटकातच अडवलं."

क्लब पुन्हा उभा राहिला नाही. गेणभाऊ त्यानंतर मैदानाकडं फिरकले नाहीत. सुदर्शनचा पाय अजून पुरता वाकत नाही. मला पाहिलं की तो रस्ता ओलांडून पलीकडं जातो.

म्हणून हात जोडून सांगतो. चमत्कार दिसला की आधी तो तपासा. आणि मनात शंका आली तर तिथल्या तिथं, मोठ्यानं बोला. मागाहून मी कितीही बोललो तरी ते माझ्या एकट्याच्याच कानावर पडतं, सुदर्शनपर्यंत पोचत नाही.